इंजिन कव्हर जाम झालंय? झटका द्यायच्या आधी हे वाचा

बॉनेट उघडल्यावर सगळ्यात वर जे काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं ना, गाडीचं किंवा इंजिनाचं नाव कोरलेलं, ते इंजिन कव्हर. इंजेक्टरजवळ डिझेल पाझरतंय का बघायचंय, कॉइल काढून स्पार्क प्लग बदलायचेत, वायरिंगला उंदीर लागलाय का तपासायचंय, काहीही करायचं म्हटलं तरी बऱ्याच गाड्यांत पहिलं काम हे कव्हर काढायचं, आणि नेमका इथेच माणूस अडकतो. व्हिडिओतला माणूस दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवतो, आपण मात्र दोन्ही हातांनी ओढतोय, अख्खी गाडी हलतेय पण कव्हर जागचं हलत नाही, मग घाम येतो, मग राग येतो, मग कोपरा धरून एक जोरदार झटका दिला जातो आणि कट्ट असा आवाज येतो. तो आवाज तुमच्या गाडीतून येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कव्हर इंजिनाला सगळीकडून चिकटलेलं नसतं, ते तीन किंवा चार ठिकाणी धरलेलं असतं, बास, बाकी सगळं अधांतरी असतं. आपण कव्हरशी कुस्ती खेळतो तेव्हा खरं तर त्या चारातल्या एखाद्याच जागेशी खेळत असतो आणि जोर भलत्याच टोकाला लावत असतो. त्यामुळे आधी त्या जागा शोधायच्या, कुठली सुटलीये, कुठली अडलीये ते बघायचं, आणि मग एका वेळी एकच सोडवायची. ह्या कामाचं सगळं तंत्र एवढंच आहे.

आता धरलेलं कसं असतं ते बघू. आजकालच्या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे दाबून बसवलेलं कव्हर. इंजिनावर लोखंडी स्टड असतात, त्यांचं डोकं गोल, मोठ्या मण्यासारखं, आणि कव्हरच्या खालच्या बाजूला त्याच जागी रबराच्या छोट्या वाट्या बसवलेल्या असतात. मेकॅनिक लोक ह्याला नुसतं रबर किंवा बुश म्हणतात, स्पेअर पार्टच्या दुकानात ग्रॉमेट म्हटलं तरी कळतं. कव्हर वरून दाबलं की गोळा त्या वाटीत टक्कन बसतो, वर ओढलं की सुटतो. ना नट, ना बोल्ट. म्हणून वरून कितीही बघितलं तरी काही सापडत नाही आणि आपण उगाच बोल्ट शोधत बसतो.

दुसरा प्रकार बोल्टचा किंवा नटचा. तो बहुतेक वेळा उघडाच दिसतो, १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते, काही गाड्यांत अ‍ॅलन की किंवा टॉर्क्स बिट. कधी कधी त्यावर प्लॅस्टिकची गोल टोपी असते, कव्हरच्याच रंगाची, धुळीने ती कव्हरमध्ये इतकी मिसळून जाते की दिसतच नाही, म्हणून आधी ओल्या फडक्याने पूर्ण कव्हर पुसा आणि मग मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, टोपीच्या कडेची गोल रेघ लगेच उठून दिसते. काही ठिकाणी पाव फेरा फिरवून सुटणारे लॉक असतात, ते अजून फिरवत राहिलात तर तुटतात.

आणि तिसरा प्रकार हा सगळ्यात फसवा, म्हणजे पुढे गोळा आणि मागे हुक. पुढची बाजू वर उचलायची, मग अख्खं कव्हर आपल्याकडे सरकवायचं, तेव्हा मागचे हुक खाचेतून बाहेर येतात. हे माहीत नसलं की माणूस मागची बाजू वर खेचतो आणि हुक मोडतो. मागचा भाग फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे असल्यामुळे तिथे नजर पोचत नाही, पण मोबाइल पोचतो. व्हिडिओ चालू करून फोन कव्हरच्या मागून आणि बाजूच्या फटीतून फिरवा, फ्लॅश चालू ठेवून, आणि मग सावलीत बसून तो व्हिडिओ बघा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत सगळ्या जागा कळतात. मी आता कुठल्याही गाडीवर हात ठेवायच्या आधी हेच करतो.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. काही इंजिनांत ऑइल भरायचं झाकण कव्हरच्या वरून बसतं आणि तेच कव्हरला दाबून धरतं, ते काढल्याशिवाय कव्हर निघूच शकत नाही. झाकण काढलंत तर त्या भोकावर लगेच स्वच्छ फडकं ठेवा, धूळ किंवा तुटलेल्या क्लिपचा तुकडा आत गेला तर इंजिनात गेला. डिपस्टिकचं पण तसंच, कव्हरच्या भोकातून वर आलेली असेल तर आधी ओढून बाजूला ठेवा. आणि दुसरं म्हणजे काही पेट्रोल गाड्यांत एअर फिल्टरचा डबा कव्हरमध्येच असतो, फोक्सवॅगन ग्रुपच्या काही पेट्रोल इंजिनांत तुम्ही बघितलं असेल. अशा वेळी कव्हर म्हणजे नुसतं झाकण नाही, त्याला हवेचा मोठा पाइप, ब्रीदरचा छोटा पाइप, कधी सेन्सरची वायर जोडलेली असते. ते क्लिप आणि पाइप आधी सोडवा, मगच उचला.

बरं, मग जाम का होतं? तर रबर. नवीन असताना ते मऊ असतं, गोळ्यावरून सहज ताणून सुटतं. पण इंजिनाचं कूलंटच ९० डिग्रीच्या आसपास चालतं, त्यावर आपल्याकडचा उन्हाळा, हजारो वेळा तापणं आणि गार होणं, त्यात बारीक धूळ आणि तेलाची वाफ. वर्षानुवर्षं हे झालं की रबर वाळलेल्या खारकेसारखं होतं, आक्रसतं आणि गोळ्याला गच्च आवळून बसतं. नवीन ग्रॉमेट नखाने दाबलं तर नख रुततं आणि सोडलं की परत जागेवर येतं, जुन्यावर नखाची खूणसुद्धा उठत नाही. म्हणून जी कव्हरं दर सर्व्हिसला निघतात ती सहसा जाम होत नाहीत, जाम होतात ती चार-पाच वर्षं कोणी हात न लावलेली.

आणि कव्हरचं प्लॅस्टिकही सोबत म्हातारं होतं. कव्हर उलटं करून बघितलंत तर आतल्या बाजूला बाणाच्या दोन खुणांमध्ये पीए ६ किंवा पीए ६६ आणि पुढे जीएफ ३० असं काहीतरी कोरलेलं सापडेल. पीए म्हणजे नायलॉन, जीएफ ३० म्हणजे त्यात ३० टक्के काचेचे धागे. हे मिश्रण ताठ आणि उष्णतेला पक्कं असतं, पण ताठ असल्यामुळेच वाकवलं की फार न वाकता तुटतं. वर नायलॉन हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल असताना चिवट राहतं, इंजिनाच्या आचेने सुकलं की ठिसूळ. म्हणजे रबर कडक आणि प्लॅस्टिक ठिसूळ, दोन्ही एकाच वेळी. झटका देणं का वाईट हे ह्यातच आलं, झटक्यात जोर आधी पोचतो तो प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात, रबराला सुटायला वेळच मिळत नाही.

सुरू करायच्या आधी इंजिन बंद करून तासभर तरी थांबा. पण अगदी गारढोण होऊ देऊ नका, विशेषतः थंडीच्या सकाळी. कोमट इंजिन सगळ्यात बरं, वर हात ठेवला की उबदार लागतं पण हात काढावासा वाटत नाही, एवढं. कोमट रबर जरा सैल असतं. चावी काढून खिशात ठेवा, पुश बटनची गाडी असेल तर चावी घरात ठेवून या. रेडिएटरचा पंखा बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असतानाही अचानक फिरायला लागतो, तिकडे हात आणि बाही दोन्ही नको. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. हायब्रिड गाडी असेल तर केशरी रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्यांना अजिबात हात लावायचा नाही. आणि कव्हरच्या भोवतीची धूळ आधी ब्रशने किंवा हवा मारून काढा, नाहीतर कव्हर उचललं की ती सगळी रेती खाली इंजेक्टरच्या आणि प्लगच्या खड्ड्यात जाऊन बसते. प्रेशरचं पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की वेगळंच दुखणं मागे लागतं.

आता प्रत्यक्ष काढणं. व्हिडिओत बघितलेल्या प्रत्येक गोळ्याच्या बरोबर वर कव्हरवर खडूने किंवा टेपने खूण करा. हे बालिश वाटेल पण करा, कारण जोर त्या खुणेच्या जितक्या जवळ लागेल तितकं काम सोपं. मग पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात. चारही बोटं कव्हरच्या खाली घाला, गोळ्याच्या अगदी शेजारी, अंगठा वर, आणि सरळ वर ओढा, स्टड ज्या दिशेला उभा आहे त्याच दिशेला. स्टड तिरका असेल तर ओढही तिरकी. जोर हळूहळू वाढवायचा, विहिरीतून भरलेली बादली ओढतो तसा, आणि पाच-सात सेकंद तसाच धरून ठेवायचा. रबराला वेळ दिला की ते स्वतःच सरकतं. सुटताना डब्ब असा बसका आवाज येतो, तो चांगला आवाज. सुटलं की तिथेच थांबा, कव्हर पूर्ण वर उचलू नका, कारण बाकीचे तीन अजून अडकलेत आणि एक बाजू फार वर गेली तर दुसऱ्या बाजूचा गोळा वाटीत वाकडा होऊन अजून अडकतो. दोन बोटं वर, मग पुढची जागा. पुढच्या दोन सुटल्या की मागे गोळे आहेत का हुक हे परत एकदा बघा आणि त्याप्रमाणे वर ओढा किंवा आपल्याकडे सरकवा.

दहातली सात-आठ कव्हरं एवढ्यावर निघतात. उरलेल्यांसाठी पुढचं सांगतो, आणि त्यासाठी आमच्याच गाडीचं उदाहरण देतो.

आमची डिझेल सेडान २०१४ ची आहे, अकोल्याला आईबाबांकडे असते, उघड्यावर उभी. अकोल्याचा मे महिना ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, ४४-४५ डिग्री म्हणजे नेहमीचं. त्या गाडीच्या कव्हरचा पुढचा उजवा कोपरा आधीच गेलेला होता, एका गॅरेजमध्ये पोराने घाईत खेचलं होतं, आणि आम्हाला ते घरी आल्यावर कळलं. त्यामुळे गेल्या वर्षी इंजेक्टरजवळ डिझेलचा वास येतोय म्हणून मी कव्हर काढायला घेतलं तेव्हा बाबा खुर्ची टाकून शेजारीच बसले, म्हणाले, "हे बघ, वेळ लागू दे, पण आता दुसरा कोपरा नको." तीन जागा सुटल्या. मागची डावी सुटेना. तिथे हात पण नीट जात नव्हता, बोटांची फक्त टोकं पोचत होती आणि टोकांनी जोर लागत नाही.

तेव्हा केलं ते असं. आधी सिलिकॉन स्प्रेच्या डब्याला ती बारीक लाल नळी लावली आणि सुटलेल्या बाजूने कव्हर दोन बोटं वर धरून ती नळी थेट गोळ्याच्या मानेशी नेली, जिथे रबर आणि लोखंड भेटतात तिथे, आणि दोनच फवारे मारले. मग पंधरा मिनिटं काहीच नाही, चहा. मग आईचा हेअर ड्रायर घेतला आणि कव्हरच्या वरून त्या खुणेवर तीन-चार मिनिटं गरम हवा दिली, हात लावला तर प्लॅस्टिक गरम लागेल पण चटका बसणार नाही इतकीच. मग ओढायच्या ऐवजी कव्हर त्या एका गोळ्याभोवती थोडं डावीउजवीकडे फिरवलं, अगदी थोडं, जरासं इकडे आणि तितकंच तिकडे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला हाताला कळलं की आतलं काहीतरी ढिलं झालंय, आधी कव्हर आणि स्टड एकत्र अडत होते, आता रबर गोळ्यावर फिरत होतं, कपबशीत कप फिरावा तसं. तिथून पुढे स्वयंपाकघरातला लाकडी कालथा गोळ्याच्या शेजारी सरकवला, खाली फडक्याची घडी ठेवली, आणि बाबांनी वरून कव्हर सरळ धरलं असताना मी कालथ्याने हलका आधार देत वर उचललं. डब्ब. पाऊण तास गेला पण कोपरा शाबूत.

ही फिरवायची गोष्ट मला कुठल्या व्हिडिओत दिसली नव्हती आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग तिचाच आहे, कारण आवळून बसलेलं रबर आधी फिरवून सुटं केलं की नंतर वर ओढायला अर्धाच जोर लागतो. फक्त ती एकच जागा उरलेली असताना हे करा, दोन जागा अडकलेल्या असतील तर कव्हर फिरणारच नाही आणि जोर केलात तर पिळून तुटेल.

स्प्रेबद्दल थोडं थांबून सांगतो कारण इथे चूक होते. घरात डब्ल्यूडी-४० असतं म्हणून लोक तेच मारतात. गंजलेल्या बोल्टसाठी ते ठीक आहे, पण हे ग्रॉमेट बऱ्याचदा ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात आणि ईपीडीएमला पेट्रोलियमचं तेल चालत नाही, ते फुगतं आणि नरम पडतं. आज कव्हर निघेल पण परत बसवल्यावर ते पकड धरणार नाही. सिलिकॉन स्प्रे हार्डवेअरच्या किंवा कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून ते पाणी ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने गोळ्याच्या मानेशी सोडा, तेही काम करतं, नंतर पुसून घ्या. ग्रीस, इंजिन ऑइल, रॉकेल ह्यातलं काही नको.

पटाशीसारखं काही घालून उचकटायचंच झालं तर लोखंडी स्क्रू ड्रायव्हर शेवटचा उपाय. कार ऑडिओवाल्यांकडे प्लॅस्टिकचे ट्रिम काढायचे पट्टे असतात ते सगळ्यात चांगले, नाहीतर लाकडी कालथा. आणि टेकू कशावर देताय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जोर देऊ नका. डिझेल इंजिनात कव्हरच्या खाली इंजेक्टरचे रिटर्न पाइप असतात, बारीक, जुने झाले की बिस्किटासारखे मोडतात. कनेक्टरचे लॉक, व्हॅक्यूमच्या नळ्या, प्लॅस्टिकचं टॅपेट कव्हर, ह्यातल्या कशावरही टेकू नको. टेकू फक्त स्टड ज्या जाड ब्रॅकेटवर किंवा धातूवर उभा आहे त्यावर. आणि कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे रेल नावाच्या एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं अशा इंजिनात, इंजिन चालू असताना रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, त्यामुळे कव्हर काढल्यावर गळती शोधायला चालू इंजिनात पाइपच्या कडेने हात फिरवायचा नाही म्हणजे नाही. बारीक धार कातडी फोडून आत जाते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून ऑपरेशनची वेळ येते. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

काढताना दोन गमती होऊ शकतात, घाबरू नका. एक म्हणजे रबर कव्हरमधून निघून गोळ्यावरच राहतं. चांगलंच झालं, कव्हर मोकळं झालं. ते नंतर पकडीने फिरवत काढा. दुसरं म्हणजे गोळाच स्टडसकट फिरून इंजिनातून वर येतो. तो मुळात आट्यांनी बसवलेला असतो, मानेशी पाना लावायला चपटी जागा असेल तर आटे साफ करून परत बेताने घट्ट करा.

बोल्टवालं कव्हर असेल आणि बोल्ट फिरेना, तर आधी बोल्टच्या डोक्यातली धूळ टाचणीने खरवडून काढा. अर्धवट बसलेली गोटी हीच निम्म्या गोल झालेल्या बोल्टांची कथा आहे. सहा कोनी गोटी वापरा, बारा कोनी जुन्या बोल्टवर घसरते. गंज सोडवणारं द्रव्य टाकून अर्धा तास, मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सैल. बोल्ट गोल फिरतोय पण वर येत नाहीये असं असेल तर बहुतेक खालचा स्टड किंवा प्लॅस्टिकमधला पितळी नट सोबत फिरतोय, तेव्हा कव्हर त्या जागी बोटांनी वर ताणून धरा आणि मग फिरवा. डोकं पार गोल झालं असेल तर लॉकिंग पक्कड. आणि सुटलेला बोल्ट हातात धरूनच बाहेर काढा किंवा चुंबकाची काडी वापरा, खाली पडला तर तो थेट खालच्या प्लॅस्टिकच्या गार्डवर जाऊन बसतो आणि मग गाडी रॅम्पवर.

कव्हर निघालं की लगेच पुढच्या कामाला लागू नका, आधी खाली नीट बघा. पावसाळ्यानंतर उंदराने नेलेल्या चिंध्या, शेंगांची टरफलं, कव्हरच्या आतल्या बाजूचा कुरतडलेला फोम हे सगळं इथेच सापडतं, कारण इंजिन बंद झाल्यावर ही जागा रात्रभर उबदार राहते आणि वरून छप्पर. बाबा बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायचे, तरी आमच्याकडे फोमचा एक कोपरा खाल्लेलाच होता. वायरी एकेक करून बघा, टेपचं आवरण कुठे कुरतडलंय का. फोम तेलाने ओला असेल तर तो काढून टाका, तेल प्यायलेला फोम गरम इंजिनावर ठेवणं धोक्याचं. हा फोम आणि कव्हर मिळून मुख्य काम करतात ते आवाज दाबायचं, डिझेलच्या इंजेक्टरची ती टकटक. पूर्वी रांजणगावला बनायचं ते १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट इंजिन तर इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत बसलं की तो आवाज महाराष्ट्रातल्या प्रत्येक टॅक्सी स्टँडवर ऐकलेला आहे, कव्हर काढून चालू केलं की तो केवढा मोठा आहे ते कळतं.

परत बसवणं लोक दोन चापट्या मारून उरकतात, आणि ते मला खरंच आवडत नाही. चारही गोळे फडक्याने पुसून चकचकीत करा. रबरं नखाने दाबून बघा, दगड झाली असतील तर नवीन आणा, लहान पार्ट आहे, पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुनं रबर दाखवलं की मापाचं मिळण्याची बरीच शक्यता असते, अख्खं कव्हर तुटलं असेल तरी आधी तिथेच विचारा. कव्हरच्या कानाचा, म्हणजे रबर बसतं त्या टोकाचा तुकडा मोडला असेल तर फेविक्विकने जोडू नका, इंजिनाच्या उष्णतेत ते टिकत नाही, प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या. प्रत्येक वाटीत तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस लावा. मग मागे हुक असतील तर आधी ते खाचेत, कुठली वायर किंवा पाइप खाली दबत नाहीये ना ते बघा, आणि मग एकेका खुणेवर तळव्याने दाबा. प्रत्येक जागेचा टक्क ऐकू आला पाहिजे. तीन ऐकू आले आणि चौथा नाही, तर चौथा बसलेला नाही.

एवढं काय त्यात, असं वाटत असेल तर हे ऐका. २०२२ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर ह्या गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण जोरात चालवताना इंजिन कव्हर जागेवरून सुटून टर्बोसारख्या गरम भागाला लागून वितळू शकत होतं, आणि तिथून आगीची भीती. नवीन गाडीत असं होऊ शकतं तर एका रबरावर लटकलेल्या जुन्या कव्हरचं काय. त्यामुळे दोन रबरं हरवली असतील आणि कव्हर खडखडत असेल तर ते अर्धवट टेकवून चालवण्यापेक्षा काढून डिकीत ठेवा आणि रबरं मिळेपर्यंत तशीच चालवा, साधं झाकण असेल तर आठ-दहा दिवसांत काही बिघडत नाही. पण ज्या कव्हरमध्ये एअर फिल्टर आहे ते काढून गाडी अजिबात चालू करू नका, आपल्या रस्त्यांवरची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाईल.

शेवटी ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक परत लावली का ते बघा, आणलेली हत्यारं मोजा, गाडी चालू करून दोन मिनिटं उभी ठेवा आणि कव्हरवर हलका हात ठेवून थरथर जाणवते का ते तपासा. दुसऱ्या दिवशी गाडी फिरवून आणल्यावर त्याच चार खुणांवर परत एकदा दाबा. आमच्या गाडीत मागची डावी जागा दुसऱ्या दिवशी अजून एकदा टक्क वाजली होती.